परतीच्या गाडीतले संगीत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील कंट्री संगीतावर, म्हणजे तिथल्या ग्रामीण भागातून वाढलेल्या गाण्यांवर, आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख माहितीपूर्ण होता, परंतु त्यातील एका वाक्याने मी अस्वस्थ झालो. हे संगीत सतत प्रवासात असणाऱ्या गायक-वादकांचे आहे, त्यामुळे आपल्याकडच्या खेड्यातील श्रोत्याला ते परके वाटेल, असे त्यात म्हटले होते. मी आरमोरी तालुक्यातील एका गावात राहतो. माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. पण नोकरी लागण्यापूर्वी सलग नऊ हंगाम मी पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांत तबल्याला बसलो आहे. ज्या मुलखात दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, होळीपर्यंत कलावंतांच्या गाड्या रोज रात्री नव्या गावाला जातात आणि उजाडता परततात, त्या मुलखाला रस्त्यावरच्या आयुष्याचे संगीत परके वाटेल, हे मला मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र.

कंट्री संगीतात ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणून एक प्रकार आहे. अशा अल्बममध्ये पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एकच कथा किंवा एकच विषय चालत राहतो, प्रत्येक गाणे मागच्या गाण्याचे काही तरी देणे घेऊन पुढे येते आणि क्रम मोडला की अर्थही मोडतो. आपल्या वाचकांना हे समजायला कठीण जाऊ नये, कारण वारकरी भजनाची रीत हीच आहे. आधी गजर, मग रूपाचे अभंग, पुढे रात्र चढेल तशी आळवणी आणि अखेरीस भैरवी व पसायदान. शेगावहून पंढरपूरला पायी निघालेल्या गजानन महाराजांच्या पालखीत पहाटेचा काकडा, चालतानाचे अभंग आणि सायंकाळचा हरिपाठ यांवरूनच दिवस किती सरला ते कळते. भैरवी झाल्यावर रूपाचा अभंग सुरू करणाऱ्या टाळकऱ्याला कोणीही थांबवील. क्रमाची ही जाण आपल्या कानाला उपजतच आहे. मोबाइलवर एकेक सुटे गाणे ऐकण्याच्या सवयीने ती थोडी झाकली गेली आहे, इतकेच.

या प्रकाराला बळ मिळण्यामागे एक यांत्रिक कारणही होते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावत असे. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. १९६० साली जॉनी कॅश या गायकाने ‘राइड धिस ट्रेन’ हा अल्बम केला. त्यात आगगाडीचा आवाज येतो, गायक स्वतःच निवेदक होऊन श्रोत्याला देशभर फिरवतो आणि ठिकठिकाणी एकेक माणूस भेटवतो. त्यात कोळसा भरणारा खाणकामगार आहे, लाकूडतोड्या आहे, खेड्यातला म्हातारा डॉक्टरही आहे. गाणे थांबावे, कोणी तरी बोलू लागावे आणि बोलता बोलता पुन्हा गाणे उभे राहावे, ही गुंफण आमच्या खडी गंमत आणि दंडार या लोकनाट्यांतही आहे. कोळसा भरणाऱ्याचे ते गाणे ऐकताना मला वणी-घुग्घुसकडचे काळवंडलेले रस्ते आणि ताडपत्री बांधलेल्या ट्रकांच्या रांगा आठवल्या. ट्रकचालकांच्या गाण्यांची तर त्या संगीतात स्वतंत्र शाखाच आहे. १९६३ साली डेव्ह डडली यांनी गायलेले ‘सिक्स डेज ऑन द रोड’ हे त्यांतील सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एक आहे, आणि त्यातला चालक सहा दिवसांनंतर घराच्या ओढीने गाडी हाकतो आहे.

तरीही जॉनी कॅश यांच्या त्या अल्बममध्ये मला एक उणीव जाणवते. त्यातला निवेदक इतरांच्या आयुष्याकडे प्रवाशाच्या नजरेने पाहतो, त्याचे स्वतःचे काही पणाला लागलेले नसते. ज्या अल्बमने मला खरोखर धरून ठेवले तो एमीलू हॅरिस या गायिकेचा, १९८५ साली आलेला ‘द बॅलड ऑफ सॅली रोझ’. एक तरुण मुलगी एका गायकाच्या बँडमध्ये येते, तो तिचा गुरू होतो, तिचे त्याच्यावर प्रेम जडते. पुढे तिचे स्वतःचे नाव होते, आणि तो मात्र दौऱ्यावर असतानाच मरण पावतो. नंतर ती एकटी त्याच रस्त्यावरून गात राहते. एमीलू हॅरिस यांनी उमेदीच्या काळात ग्रॅम पार्सन्स या गायकाला साथ केली होती आणि १९७३ साली वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी तो गेला. त्या दुःखाचा अंश या कथेत आहे, हे सर्वश्रुत आहे. बाजारात हा अल्बम फारसा चालला नाही, परंतु म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

या अल्बममधील एका गाण्याचा विषय ऱ्हिदम गिटार आहे. ऱ्हिदम गिटार म्हणजे पुढे येऊन करामत न दाखवता मागे राहून लय धरणारे वाद्य. बँडमध्ये ती मुलगी हेच वाद्य वाजवते. मी तबलजी असल्यामुळे असेल, पण हे गाणे ऐकून मी बराच वेळ काही बोललो नाही. साथीदाराच्या जागेवरून दिसणारे जग वेगळे असते. पुढे उभ्या असलेल्याचा चेहरा श्रोत्यांना दिसतो, साथीदाराला त्याची पाठ दिसते. आणि एखाद्या रात्री गायकाचा श्वास कमी पडतो आहे हे सर्वांत आधी कळते ते ठेका धरणाऱ्याला. साथीदाराचे हे जग एका अल्बमचा आरंभ होऊ शकते, हे मला त्या दिवशी उमगले. पुढच्या एका गाण्याचे तर नावच रस्त्यावरची पांढरी रेघ असे आहे. रात्री गाडीच्या दिव्यांत पुढे पुढे सरकत येणारी ती रेघ ज्याने तासन् तास पाहिली आहे, त्याला त्या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मागच्या हंगामात मी माझ्या पुतण्याबरोबर त्याच्या कंपनीच्या गाडीने वडशाहून कोरचीकडच्या एका गावी नाटक पाहायला गेलो होतो. पुतण्या ऑर्गन वाजवतो. नाटक संपायला पहाट झाली. परतताना गाडीत सगळे अर्धवट झोपलेले होते, कोणाच्या कानामागे रंग तसाच राहिला होता, आणि मी चालकाच्या परवानगीने हा अल्बम सुरुवातीपासून लावला. गाडीत इंग्रजी समजणारा माझ्याशिवाय कोणी नव्हता. कुरखेड्याच्या अलीकडे, गाणी निम्म्याहून पुढे गेलेली असताना, चालकाने रस्त्यावरची नजर न काढता विचारले, “कोन मेला जी ह्याच्यात?” मी त्याला कथा सांगितली. तो काही बोलला नाही, पण टपरीवर चहाला थांबलो तेव्हा गाडीचे इंजिन बंद करून त्याने गाणे मात्र चालू ठेवले. या गाण्यांत घसरत, रडल्यासारखे निघणारे सूर पेडल स्टील गिटारचे आहेत. मेजासारख्या चौकटीवर ताणलेल्या तारांवरून धातूचा दांडा फिरवून आणि पायाने पेडल दाबून ते काढतात. आपल्या मिंडेवर, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यावर, वाढलेल्या कानाला ते शब्दांशिवाय कळतात, याचा पुरावा मला त्या चालकाने दिला.

या संगीताचे रस्त्याशी असलेले नाते गाण्यांपुरते नाही. कंट्री संगीताच्या आद्य गायकांत गणले जाणारे जिमी रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारे कामगार, होते आणि पुढे तंबूतल्या खेळांतून गावोगाव गात फिरले. क्षयाने पोखरलेल्या शरीराने १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये शेवटचे ध्वनिमुद्रण करताना ते गाण्यांच्या मधल्या वेळेत खाटेवर पडून राहत होते, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी ते वारले. हँक विल्यम्स यांचा अंत १९५३ सालच्या पहिल्या दिवशी, ओहायो राज्यातील कँटन येथील कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या आसनावर झाला. त्यांचे वय तेव्हा २९ होते. मद्य आणि औषधे यांनीही त्यांचा घात केला होता, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु गाडी पुढे चालली आहे, कार्यक्रमाची वेळ ठरलेली आहे आणि मागे बसलेला गायक आता उठणार नाही, हे चित्र आमच्या कंपन्यांतील जुन्या माणसांना सांगितले तर त्यांना ते दूरच्या देशातले वाटणार नाही. दाट धुक्यात, झोपेच्या गुंगीत, वळणावर झाडाला धडकलेल्या गाड्यांच्या आठवणी आमच्याकडेही आहेत.

आता आमच्या रस्त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याच्याविषयी पुण्या-मुंबईच्या वाचकालाच काय, अकोला-बुलढाण्याच्या वाचकालाही पुरेशी कल्पना नसते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांचा धानाचा व जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान निघाले, बांध्या (धानाची खाचरे) मोकळ्या झाल्या की गावोगाव मंडई आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरतात आणि त्यानिमित्ताने नाटक ठरते. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या व्यवसायाचे केंद्र. तेथे कंपन्यांची कार्यालये आहेत आणि गावची मंडळी तेथे येऊन तारीख पक्की करून जातात. कलावंताला मिळणारा मोबदला ‘नाइट’वर ठरतो. दुपारी वडशाहून गाडी निघते. मोकळ्या जागेत कनातीच्या आत रंगमंच उभा राहतो. रात्री नऊ-दहाला सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि हजारो माणसे थंडीत पोत्यावर-घोंगडीवर बसून ते पाहतात. विंगेत प्रॉम्प्टर वही धरून बसलेला असतो, कारण नट आज एका नाटकात राजा तर उद्या दुसऱ्या नाटकात दरोडेखोर असतो. पहाटे पुन्हा गाडी, दिवसा मिळेल तेथे झोप, दुपारी पुन्हा गाडी.

तबलजीला या रस्त्याची एक खास आठवण असते, ती दवाची. पौषातल्या रात्री दव पडू लागले की पुडी, म्हणजे तबल्यावरचे कातडे, ओल धरते, ताण सैल होतो आणि तबला स्वरातून उतरतो. ऑर्गनचा स्वर मात्र जागचा हलत नाही. मग प्रवेश चालू असतानाच हातोडीने गट्टे (ताण वाढवणारे लाकडी ठोकळे) ठोकायचे, अंक संपला की धावत जाऊन शेकोटीवर डग्गा फिरवायचा आणि पडदा उघडण्याआधी जागेवर येऊन बसायचे. त्या नऊ हंगामांत मी रोज पहाटे वहीत दोन-तीन ओळी लिहीत असे. कोणते गाव, कोणते नाटक, परतीचा रस्ता कोणता, पुडी किती वेळा शेकली. वैनगंगेवरच्या पुलाशी किती वाजता पोचलो याचीही नोंद असे, कारण पूल आला की घर जवळ आले असे वाटे. या वह्या मी कोणाला दाखवण्यासाठी लिहिल्या नव्हत्या. एमीलू हॅरिस यांचा अल्बम ऐकल्यानंतर मी त्या पुन्हा काढल्या, तेव्हा प्रथमच लक्षात आले की, त्यांत नाटकापेक्षा रस्ताच जास्त आहे.

रस्त्यावरच्या आयुष्याची गाणी बव्हंशी पुरुषांनी लिहिली, त्यामुळे त्यांत रस्ता म्हणजे मोकळेपणा आणि घरी वाट पाहणारी बायको असा साचा वारंवार येतो. हा साचा मला एकांगी वाटतो. आमच्या गाड्यांत बायका असतात. कोणी नागपूरहून आलेली असते, कोणी जवळच्याच तालुक्यातली असते. दीड-दोन वर्षांचे मूल आईजवळ ठेवून चार महिन्यांसाठी निघालेल्या एका अभिनेत्रीला मी जवळून पाहिले आहे. त्या काळी मोबाइल नव्हते. गाडी तिच्या गावावरून जाई त्या रात्री ती खिडकीजवळची जागा मागून घेई, आणि गाव मागे पडेपर्यंत गाडीत कोणीही बोलत नसे. गाडी थांबवता येत नसे, कारण पुढच्या गावात लोक जमलेले असत. नाटकात टाळ्या घेणाऱ्या याच बाईला दुसऱ्या दिवशी बाजारात कोणी काय बोलले, तेही मी ऐकले आहे आणि ते येथे लिहिण्यासारखे नाही. सॅली रोझच्या कथेत बाईच रस्त्यावर आहे आणि बाईच गाते आहे. म्हणूनच ती कथा मला कॅश यांच्या आगगाडीपेक्षा आमच्या गाडीच्या जवळची वाटते.

माझे म्हणणे असे की, झाडीपट्टीच्या वादक-गायकांनी स्वतःच्या रस्त्याचा एक असा सलग अल्बम करावा. नाट्यगीतांची ध्वनिमुद्रणे होतात, लावण्यांची होतात, नाटकांचे तुकडे मोबाइलवर फिरतात. परंतु गाडीत बसण्यापासून गाडीतून उतरण्यापर्यंतची कथा सांगणारे संगीत मला कोठे ऐकायला मिळालेले नाही. त्याची सुरुवात वडशाच्या चौकात, दुपारच्या उन्हात पेटी-तबला घेऊन गाडीची वाट पाहणाऱ्या माणसापासून व्हावी. त्यात नांदी असावी, पण ती रंगमंचासमोरून नव्हे तर विंगेतून ऐकू यावी तशी, थोडी दबलेली. प्रॉम्प्टरच्या कुजबुजीवर रचलेले एक गाणे असावे. दवाने उतरलेला तबला स्वरात आणण्याचा प्रसंग शब्दांवाचून केवळ वाद्यांतून यावा. खिडकीजवळ बसलेल्या आईचे गाणे असावेच, आणि ते बाईनेच लिहावे. शेवट होळीपाशी होऊ नये, कारण आमच्या कलावंताचा रस्ता होळीला संपत नाही. तोच माणूस उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातो, काही जण मिरची तोडायला तेलंगणात जातात, आणि पाऊस पडला की रोवणीसाठी बांधीत उतरतात. भाषा झाडीबोलीच असावी. ‘कोण’ऐवजी ‘कोन’ म्हणणारी ही बोली ऐकून काही जण तिला अशुद्ध म्हणतील. परंतु अमेरिकेच्या दक्षिणेकडील गायकांनी आपले खेडवळ उच्चार गाण्यात तसेच ठेवले आणि तेच पुढे त्या संगीताची ओळख ठरले.

असा अल्बम विकला जाणार नाही, असा आक्षेप मला पुतण्याच्या सहकाऱ्यांनीच घेतला आणि तो खरा आहे. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा पाहणाऱ्यापुढे पाऊण तासाची सलग कथा ठेवणे धाडसाचे आहे. परंतु याच झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्रभर बसून नाटक पाहतो, तिकीट काढून पाहतो. त्याच्या सहनशक्तीविषयी शंका घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. खर्चाचेही तसेच. मोठ्या स्टुडिओची गरज नाही. गाडीचा आवाज, फाटकापाशी थांबलेली गाडी आणि समोरून जाणारी गोंदिया-बल्लारशा मार्गावरची आगगाडी, टपरीवरचा स्टोव्ह, हे सगळे तेथेच, त्या वेळीच मुद्रित करायला हवे. नंतर बंद खोलीत ते आणता येत नाही.

२०२३ साली गडचिरोलीचे झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्हा सर्वांना घरच्या माणसाचा गौरव झाल्यासारखे वाटले. त्या वेळी आपल्या वृत्तपत्रानेही झाडीपट्टीवर लिहिले होते. आता माझी आपणांस विनंती आहे की, येत्या हंगामात आपण पुन्हा प्रतिनिधी पाठवावा, मात्र त्याने पहिल्या रांगेत बसून नाटकाचे परीक्षण लिहून परत जाऊ नये. त्याने दुपारी वडशाहून गाडीत बसावे, रात्रभर वादकांच्या मागे बसावे आणि पहाटे त्याच गाडीने परतावे. ज्या वादकांनी चाळीस-चाळीस हंगाम काढले आहेत ते आता थकले आहेत. त्यांना जुन्या चाली, जुने रस्ते आणि त्या रस्त्यांवर गमावलेली माणसे आठवतात, तोवर त्यांना बोलते करावे. त्या लिखाणातून एखाद्या तरुण संगीतकाराला अल्बमची कल्पना सुचली तर ते काम वर्षभरातही होऊ शकेल.

माझ्या नऊही वह्या जपून ठेवलेल्या आहेत. अशा कामासाठी कोणाला त्या हव्या असतील तर मी त्या आनंदाने देईन आणि अक्षर लागत नसेल तेथे वाचूनही दाखवीन. येणाऱ्याने शक्यतो दुपारनंतर यावे. हंगामात सकाळी पुतण्या नुकताच झोपलेला असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
ता. आरमोरी, जि. गडचिरोली